देवाचं निमित्त न काढता

आमच्या चांदवडला साठी उलटलेलं जोडपं पिशवी घेऊन एसटी स्टँडवर दिसलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. "काय, गडावर का?" आमच्या भागात नुसतं 'गड' म्हटलं की वणीचा, सप्तशृंगीचा. "हो" म्हटलं की विषय संपतो. पण "नाही, धोडपच्या पायथ्याला चाललोय, डोंगर बघायला" असं सांगितलं, की समोरचा गोंधळतो. "तिथं काय आहे?" आणि मग जरा काळजीनं, "या वयात वर चढणार की काय?"

आम्ही दोघं निवृत्त झाल्यापासून असे फिरतो. महिन्यातून एखादा दिवस. त्यामुळे हे प्रश्न पुष्कळदा ऐकलेत, आणि त्यावर थोडा विचारही केलाय.

आपल्याकडे वय झालेल्या माणसांनी घराबाहेर पडायला कारण लागतं. देव, लग्न, दवाखाना किंवा नातवंडं. यांपैकी एक असलं की कुणी काही म्हणत नाही. नुसतं बघायला जाणं म्हणजे चैन! सरकारचाही विचार याच वाटेनं जातो. 2024 साली राज्यात तीर्थदर्शन योजना आली. वय साठच्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर यात्रेला माणशी तीस हजारांपर्यंत मदत. योजना चांगलीच आहे, कितीतरी जणांना त्याशिवाय जाणं झालं नसतं. पण म्हातारपणी माणसाला देवळाशिवाय दुसरं काही बघावंसं वाटत असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही.

मी देवाच्या विरोधात नाही. गडावर मीही जाते. 2018 मध्ये तिथं ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांपुढे हात टेकलेल्या कितीतरी आजी-आजोबांना पुन्हा दर्शन मिळालं. म्हणजे मनात आणलं तर थकलेल्या गुडघ्यांचा विचार करता येतो. पण वर देव असेल तरच करायचा का?

"तिथं काय आहे?" याचं उत्तर द्यायचं तर चांदवडहून पश्चिमेकडे बघा. इंद्राई, राजदेहेर, कोळधेर, कांचना, धोडप, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या आणि मग सप्तशृंगी. सातमाळा रांगेतले एवढे डोंगर एका ओळीत! बाहेरगावचे लोक आमचा रंगमहाल बघायला वाट वाकडी करून येतात, आणि आम्ही समोरच्या डोंगरांची नावंही पोरांना सांगत नाही.

धोडपच्या माथ्याजवळ कातळाची एक उभी भिंत आहे, आणि तिला मधोमध मोठी खाच. लांबूनही तो डोंगर त्या खाचेवरून ओळखू येतो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून थोडं सांगते. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. काही ठिकाणी हा रस जमिनीतल्या उभ्या भेगांत शिरून तिथंच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली. धोडपची भिंत तशीच. ती बघायला वर जावं लागत नाही. हट्टी गावात झाडाखाली बसूनही दिसते.

तीच गोष्ट कांचनाची. सुरतेहून परतताना 1670 साली शिवाजी महाराजांची मोगलांशी लढाई झाली, ती याच भागात. खिंड आणि दोन्ही बाजूंचा उतार डोळ्यांनी पाहिला, की पुस्तकातल्या चार ओळींचा अर्थ कळतो. 1818 मध्ये हे गड इंग्रजांकडे गेले आणि पुढे काहींच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या गेल्या. तेव्हा गड चढायचाच, हा आग्रह तरुणांनी धरावा. आम्हाला पायथा पुरतो.

बायकांच्या बाजूनं आणखी एक सांगते. देवदर्शनाला गेलं तरी बाईचं काम सुटत नाही. ओटी, नैवेद्य, उपास, सगळ्यांचे ओले कपडे, प्रसादाच्या पुड्या. डोंगराला यातलं काही लागत नाही. आमच्याकडे तर डबाही हेच भरतात. भाकरी जाड होते, पण चालतं!

मुलं म्हणतात, "एवढी हौस आहे तर मनालीचं बुकिंग करून देतो." जावं की, हिमालयही बघावा. पण त्या सहलीत एक डोंगर एकदाच दिसतो, तोही बसच्या काचेतून. इथला डोंगर भाद्रपदात हिरवा, मार्गशीर्षात पिवळा, चैत्रात राखाडी. पुन्हा पुन्हा गेल्यावरच तो कळतो. खर्च तरी किती? 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे. पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट, आणि 2023 पासून बायकांना कुठल्याही वयात अर्धं. वडाळीभोईपर्यंत एसटीनं जायचं, पुढे मिळेल ते वाहन. गोळ्या आणि पाणी बरोबर ठेवायचं, अंधाराच्या आत घरी यायचं.

अडचण असते ती वेगळीच. पायथ्याच्या गावांत बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह नसतं. म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणी पीत नाहीत, किंवा येतच नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर चालायला किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. आपल्याला तेवढी एक पाटी, सावलीत एक बाक आणि एक स्वच्छतागृह जमणार नाही का? जुलै 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यातला साल्हेर, इतर अकरा किल्ल्यांसोबत, जागतिक वारसा यादीत गेला. आता किल्ल्यांसाठी पैसा येईल, आराखडे होतील. त्यांत वर जाणाऱ्यांबरोबर खाली बसणाऱ्यांचाही विचार व्हावा.

आणि माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगेन. गुडघे, डोळे आणि जोडीदार, हे तिन्ही एकाच वेळी धड असण्याचा काळ फार मोठा नसतो. तो नुसता "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यात घालवू नका. तुमच्याही गावाजवळ एखादा डोंगर असेलच. कुणी विचारलं, "तिथं काय आहे?" तर सरळ सांगा, डोंगर आहे.