वात नको, काच बघा!

केळझरला आमच्या घरी वीज आली, तरी कंदील बरीच वर्षे खुंटीला होता. वीज यायची, तशीच जायचीही! दिवेलागणीच्या आधी आजी चुलीतली राख आणि फडके घेऊन काच पुसायला बसे. मला उजेड कमी वाटला की मी वात वर करी. ज्योत धुरकटे, काच आणखी काळी होई, रॉकेल भराभर संपे. "वात कायले वाढवतं रे, आंधी काच पूस ना!" आजी ओरडे.

परवा नातीच्या मोबाइलच्या पडद्याविषयी वाचताना तिचे हे ओरडणे आठवले. या पडद्यात सेंद्रिय रसायनांचे, केसाहून कितीतरी पातळ थर असतात. त्यांना वीज दिली की ते स्वतःच उजळतात. शास्त्रज्ञ याला 'ओएलईडी' म्हणतात. 1987 साली कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी असा कामाचा दिवा प्रथम करून दाखवला. शंभर इलेक्ट्रॉन आत गेले, तर प्रकाशाचा एखादाच कण बाहेर येई.

त्यानंतरची धडपड मुख्यतः वातीची. दोन बाजूंनी आलेले विद्युतभार थरात भेटतात. पण साध्या रसायनात चारांपैकी एकाच भेटीतून उजेड निघतो, तिघींची ऊर्जा वाया जाते. 1998 साली अमेरिकेत फॉरेस्ट, थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमसारखा जड धातू असलेले रसायन वापरून या उरलेल्या तीन भेटींकडूनही काम करून घेतले. 2012 साली जपानच्या क्युशू विद्यापीठात अडाची यांनी तेच महाग धातूंवाचून साधले.

आणि काच? ती तशीच! विहिरीत बुडी मारून तिरपे वर पाहिले, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. तसाच या थरांतला तिरपा उजेड परत फिरतो आणि आतच जिरतो. सपाट काचेतून जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर पडतो. मग विजेचा प्रवाह वाढवावा, तर दिव्याचे आयुष्य घटते, निळ्याचे तर फारच. म्हणजे पुन्हा माझी वात!

यावरचा उपाय ऐकायला किरकोळ आहे. काचेच्या बाहेरच्या अंगाला बारीक भिंगांची पट्टी चिकटवायची. अडकलेल्या उजेडातला काही भाग सुटतो. बेल्जियमच्या संशोधकांना हे काजव्याच्या पोटावर सापडले: तिथले खवले तिरप्या कडांचे असतात. 2013 साली तसेच खाचखळगे त्यांनी एका साध्या एलईडीवर उमटवले आणि उजेड 55 टक्क्यांपर्यंत वाढला. वीज तेवढीच!

कोणी म्हणेल, गावातल्या माणसाने ही उठाठेव का करावी? घरात स्वस्त एलईडी बल्ब आहे, तो पुरे. बल्बापुरते मलाही मान्य आहे. सेंद्रिय दिवे अजून महागच आहेत. पण पडदे घरोघरी शिरले आहेत, आणि आमच्याकडे विजेचा हिशेब कोराडीच्या राखेत होतो. शिवाय हे काम परक्या मुलखातलेही नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपूर विद्यापीठात संजय ढोबळे उजळणाऱ्या पदार्थांवर काम करीत आले आहेत. 2012 साली त्यांनी आणि थेजो कल्याणी यांनी सेंद्रिय दिव्यांच्या वीजबचतीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. युरोपियमच्या लाल उजेडावरही दोघांनी मेहनत घेतली आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. नवे रसायन म्हटले की पैसा, मान, पदवी; पण काचेवरच्या पट्टीला "त्यात काय शोध?" असे विचारणारे आमच्यात पुष्कळ. ठसा करून पारदर्शक रबराची भिंगपट्टी ओतणे तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांनाही जमण्यासारखे आहे. मोजमापाला विद्यापीठाने हात द्यावा. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांना मी हे सुचवले. ते हसले, म्हणाले, "काका, यातून पेपर नाही होत."

मी गप्प बसलो. आजी असती तर गप्प बसली नसती.