उभ्या गाडीला दोन आधार

घरात मोटार आली की तिच्याबरोबर वादाचे काही विषयही दारात येऊन उभे राहतात. पुढच्या आसनावर कोणी बसावे, खिडकी किती उघडावी, गाणी कोणाच्या आवडीची लावावीत, हे त्यांतले किरकोळ विषय. परंतु या सदराच्या एका वाचक-भगिनींनी पत्रातून जो वाद आमच्यापुढे ठेवला आहे, तो किरकोळ नव्हे. त्यांच्या सासऱ्यांनी उभी हयात जुन्या पद्धतीची मोटार चालविली. गाडी थांबली की हँडब्रेक ओढलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. चिरंजीव म्हणतात, आपली नवी गाडी स्वयंचलित गिअरची आहे. दांडी ‘पी’वर नेली की ती जागची हालत नाही, मग हँडब्रेक कशाला? आणि नेहमीचा मिस्त्री बजावतो की पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवूच नका, तो धरून बसतो. बाईंनी अलीकडेच गाडी चालवावयास शिकून परवाना घेतला आहे. तिघेही सारख्याच ठामपणे बोलतात, तेव्हा मी कोणाचे ऐकू, असे त्या विचारतात.

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. सासऱ्यांचे रोज ऐकावे, चिरंजीवांचे अर्धे ऐकावे आणि मिस्त्रीचे वर्षातून एखाद्या वेळी ऐकावे. आता कारणे पाहू.

पायाखालचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. आपण पाय दाबतो, नळ्यांतून तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि चाके आवळली जातात. पाय काढला की दाबही जातो. चालक गाडीतून उतरला म्हणजे हा ब्रेक त्याच्याबरोबरच उतरला, असे समजावे. हँडब्रेकची व्यवस्था यापासून मुद्दाम निराळी ठेवलेली असते. बहुतेक गाड्यांत तो तारेने मागच्या दोन चाकांना ओढून धरतो. त्याला तेल लागत नाही, इंजिन लागत नाही आणि चालकाचा पायही लागत नाही. धावत्या गाडीसाठी एक व उभ्या गाडीसाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र व्यवस्था मोटारीच्या रचनेतच आहेत. गाडीचे यंत्र नवे झाले म्हणून त्यांतली दुसरी निरुपयोगी झाली, असे होत नाही.

मग स्वयंचलित गाडीतला ‘पी’ काय करतो? गिअरपेटीच्या आत एक दातेरी चाक असते. दांडी ‘पी’वर नेली की बोटाएवढा एक लोखंडी खिट्टा त्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतो आणि चाकांकडे जाणारा दांडा अडकून पडतो. खिट्टा मजबूत असतो, यात शंका नाही. परंतु अखेर तो खिट्टाच. दाराला कडी घालणे निराळे आणि दाराच्या कडीवर सारे घर टेकविणे निराळे. उतारावर हँडब्रेक न लावता केवळ ‘पी’वर गाडी सोडली, की तिचा सारा भार त्या खिट्ट्यावर येतो. पुन्हा निघताना दांडी घट्ट बसल्यासारखी वाटते व काढताना ‘खट्’ असा मोठा आवाज होतो, तो त्याच ताणाचा.

हा भार किती असतो, याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. १,२०० किलोची मोटार दहा फुटांत एक फूट अशा उतारावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे १२० किलोच्या वजनाएवढे होते. ती मोकळी सुटली, तर पाच सेकंदांत दहा-एक मीटर अंतर तोडते आणि तिचा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या घरात जातो. पंधराचा वेग सायकलचा, असे कोणी म्हणेल. पण सायकलचे वजन १,२०० किलो नसते. शिवाय घरंगळत येणाऱ्या गाडीच्या इंजिनाला आवाज नसतो, तिचा भोंगा वाजविणारा कोणी आत नसतो, आणि तिच्या वाटेत जो उभा असतो त्याची बहुधा पाठ असते.

चिरंजीवांसाठी आता परदेशातली दोन उदाहरणे सांगतो. स्वयंचलित गिअर आपल्याकडे घरोघरी अलीकडे आले. अमेरिकेत ते किती तरी आधी रुळले होते. तेथे १९७० च्या दशकात फोर्ड कंपनीच्या गाड्यांविषयी तक्रारी येऊ लागल्या. दांडी ‘पी’वर ठेवली आहे अशा समजुतीने, इंजिन चालू ठेवून चालक खाली उतरावा आणि गाडीने आपण होऊन मागे जावे, असे प्रकार घडले. त्यांत माणसे जखमी झाली, काही प्राणासही मुकली. सरकारी चौकशी होऊन १९८० च्या अखेरीस तडजोड झाली. सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना कंपनीने गाडीत चिकटविण्याची एक सूचनापट्टी पाठवावी, असे ठरले. त्या पट्टीचा आशय असा : उतरण्यापूर्वी दांडी ‘पी’त बसली याची खात्री करा, हँडब्रेक पूर्ण लावा, इंजिन बंद करा. एवढी तांत्रिक प्रगती केलेल्या देशाने कोट्यवधी चालकांना शेवटी जे सांगितले, ते आपल्या वाचक-भगिनींचे सासरे घरबसल्या सांगत आहेत.

दुसरे उदाहरण २०१६ चे. त्या वर्षीच्या जून महिन्यात लॉस एंजेलिस येथे अँटन येल्चिन हा ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतला अवघ्या सत्तावीस वर्षांचा नट स्वतःच्या घराच्या उताराच्या वाटेवर मृत्यू पावला. त्याचीच जीप मागे घरंगळत आली आणि तो विटांचा खांब व कुंपण यांच्याशी चिरडला गेला. तिच्या गिअरची दांडी नव्या धर्तीची होती. कोठेही ढकलली तरी हात सोडताच ती मधोमध परत येई, त्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे हाताला कळत नसे. याच कारणावरून कंपनीने त्यापूर्वी दोनच महिने, एप्रिलमध्ये, जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले होते. त्या दिवशी नेमके काय घडले याचा निवाडा करणारे आम्ही कोण? आम्हांला एवढेच दिसते की यंत्र जितके गुळगुळीत होत जाते, तितकी ‘मी काय केले’ याची हाताला मिळणारी साक्ष कमी होत जाते. हँडब्रेक ओढताना होणारी कटकट ही तशी साक्ष आहे.

याचा अर्थ ‘पी’ निरुपयोगी, असा कोणी घेऊ नये. चिरंजीवांचे अर्धे ऐकावे असे आम्ही म्हटले, ते याचसाठी. हँडब्रेकची तार कालांतराने सैल पडते. दोन आसनांच्या मधली ती दांडी गाडीत बसलेल्या चार वर्षांच्या मुलालाही खेळता-खेळता खाली करता येते. अशा वेळी ‘पी’चा खिट्टा गाडी धरून ठेवतो. साध्या गाडीत हेच काम गिअर करतो : गाडी पहिल्या अथवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवली की बंद इंजिनाच्या अडथळ्याने चाके रोखली जातात. पण तो अडथळाही पूर्ण भरवशाचा नसतो. मोठ्या उतारावर गाडी थोडी थोडी सरकू शकते. एक आधार सुटला तर दुसरा असावा, हाच या साऱ्याचा मथितार्थ. जुन्या मालमोटारीवरचा क्लीनर गाडी थांबताच लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारीत असे, त्याला हे पुस्तकाविना ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकाखाली दगड सारणाऱ्या आपल्या आजोबांनाही ते ठाऊक होते.

आगगाडीचीही यातून सुटका नाही. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूकडील कठुआ स्थानकात चालक खाली उतरलेला असताना उभी मालगाडी उताराने आपोआप चालू लागली व चालकाविना सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर धावून पंजाबात गेली. कोणास इजा झाली नाही, हे दैव. तिलाही अखेर रुळांवर लाकडी ठोकळे ठेवून थांबवावे लागले.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १२६ व्या कलमाचा भावार्थ असा, की सार्वजनिक जागी गाडी उभी करताना चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस तरी असावा, नाही तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी चुकूनही हलणार नाही असा उपाय केलेला असावा. या कलमात चढ-उताराचा अथवा सपाट जागेचा भेद केलेला नाही.

हा भेद आपणच करतो. चोर्ला घाटात किंवा आंबोलीला धबधब्यापाशी गाडी उभी केली, की हँडब्रेककडे हात आपोआप जातो. तेथे भीतीच शिकविते. घरच्या अंगणात मात्र कोणी तो ओढीत नाही, कारण ‘अंगण तर सपाट आहे’. वास्तविक पावसाचे पाणी निघून जावे म्हणून अंगणाला आणि पडवीपुढच्या फरशीला गवंड्याने उतार दिलेलाच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, चाकांना कळतो. आणि घरातली लहान मुले घाटात नव्हे, अंगणातच खेळतात. शाळा सुटताना आमच्या फाटकासमोर दहा-बारा मोटारी ओळीने उभ्या असतात. पालक खाली उतरून गप्पांत रमलेले आणि मुले दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून धावणारी, हे दृश्य आम्ही रोज पाहतो. त्या फटीची रुंदी कायम राहील, हे त्या ओळीतल्या प्रत्येक चालकाने आपल्या हाताने पाहावयाचे असते. म्हणून जागा पाहून ब्रेक लावू नये. गाडी थांबली, ब्रेक लागला, असा नेमच असावा.

आता मिस्त्रीचे म्हणणे. ते निराधार नाही. आमच्या बेळगावसारख्या धो-धो पावसाच्या मुलखात ओली गाडी हँडब्रेक ओढून दोन-चार आठवडे बंद ठेवली, तर ब्रेक गंजून चाकाला चिकटू शकतो. गावाला जाताना गाडी इतके दिवस बंद राहणार असेल, तर ती सपाट जागी, गिअरमध्ये किंवा ‘पी’वर ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत व हँडब्रेक मोकळा सोडावा. हिमालयाच्या सहलीत कडाक्याच्या थंडीतही हीच काळजी घ्यावी, कारण ओला ब्रेक गोठतो. पण ही अपवादाची गोष्ट झाली. रोजच्या वापराने हँडब्रेक बिघडतो, ही समजूत मात्र खोटी आहे. उलट महिनोन्‌महिने न ओढलेली तार आपल्या नळीत गंजते आणि ज्या दिवशी ओढावी त्या दिवशी परत येत नाही. पूर्वी पाच कटकटींत लागणारा ब्रेक आठ-नऊ कटकटींनंतर लागू लागला, तर तार सैल झाली असे समजून गाडी मिस्त्रीकडे न्यावी. त्या दिवशी त्याचे जरूर ऐकावे.

नव्या गाड्यांत दांडीऐवजी बटण आले आहे. ते दाबले वा ओढले की विजेची लहानशी मोटार मागच्या चाकांचा ब्रेक आवळते. एकदा आवळला की वीज गेली तरी तो सुटत नाही. मात्र बॅटरी उतरली तर तो लावताही येत नाही आणि सोडताही येत नाही. काही गाड्यांत इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो, काहींत लागत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी पुढच्या फळीवरचा तांबडा दिवा पाहावा. ‘ऑटो होल्ड’ नावाची सोय सिग्नलपाशी क्षणभर थांबण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर उतरू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर इंजिनाचा अडथळाच नसतो आणि चालू-बंदचा आवाजही नसतो. तेथे हे बटण व तो दिवा यांचे महत्त्व दुप्पट.

वाचक-भगिनींनी क्रम एवढा ध्यानात ठेवावा. गाडी थांबली की पाय ब्रेकवर तसाच ठेवून गिअर न्यूट्रल करावा. हँडब्रेक ओढावा. मग पाय हलकेच उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर टेकू द्यावा. भार टेकल्यावर पुन्हा पाय ब्रेकवर ठेवून दांडी ‘पी’त न्यावी, गाडी साधी असल्यास क्लच दाबून चढावर तोंड असताना पहिला आणि उतारावर तोंड असताना रिव्हर्स गिअर घालावा. शेवटी इंजिन बंद करावे. घाटात चाके अशी वळवून ठेवावीत, की गाडी सरकलीच तर डोंगराला टेकेल, दरीकडे जाणार नाही. आणि मुलाला गाडीत एकटे ठेवून, दोन मिनिटांसाठी का होईना, दुकानात जाऊ नये.

या साऱ्याला अर्धे मिनिटही लागत नाही. चिरंजीवांना हे अर्धे मिनिट जड वाटत असेल, तर पुढच्या रविवारी त्यांनाच अंगणात गाडीच्या मागे पाच पावलांवर, गाडीकडे पाठ करून उभे करावे आणि विचारावे : हँडब्रेक ओढू की नको? आमची खात्री आहे की सासरे व चिरंजीव यांचे त्या क्षणी एकमत होईल.