मोबाइलने नक्की कोणाला मागे टाकले? कॅसेट, वर्गणी आणि आपला हरवणारा खेळ-इतिहास

१/ मोबाइलने गेमिंग कन्सोलला मागे टाकले, असे सर्रास लिहिले जाते. लाखांदूरपुरते हे विधान मला मान्य नाही. धानाच्या बांध्यांवर जगणाऱ्या आमच्या तालुक्यात अस्सल कन्सोल घरोघरी कधी पोहोचलाच नव्हता.

२/ पोहोचली ती त्याची नक्कल. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ आणला. त्याच्या स्वस्त प्रतिकृती पुढे भारतभर खपल्या. आपण त्यांना नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू. टीव्हीला जोडायचा, कॅसेट खोचायची, की मारिओ नाहीतर कॉन्ट्रा सुरू. कॅसेटवर छापलेले असे ‘९९९९ इन १’. आत मोजकेच खेळ, तेच ते पुन्हा पुन्हा. (साधन-चिकित्सेचा पहिला धडा आमच्या पिढीला तेथेच मिळाला!)

३/ ज्यांच्याकडे तेही नव्हते, ते पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजत. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ‘गेम पास’ आणला किंवा सोनीने २०२२ मध्ये ‘प्लेस्टेशन प्लस’ची नवी मांडणी केली, यात भाड्याने खेळण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. फरक निराळाच आहे. पार्लरमधल्या खेळामागेही कोणाच्या तरी मालकीची वस्तू असे. ती उसनी दिली जाई, जुनी म्हणून विकली जाई, निदान माळ्यावर धूळ खात पडे. वर्गणी संपली की हाती काहीच उरत नाही.

४/ सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अॅपवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला पब्जीचे भारतातील सर्व्हर थांबले. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. एका पिढीचा सर्वांत मोठा सामूहिक खेळ दोन महिन्यांत पुरावा न ठेवता मिटला, एवढेच मला नोंदवायचे आहे. माळ्यावरची कॅसेट अशी मिटत नाही.

५/ वर्गणीची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि मग इतर कन्सोलवर आला, पुढे गेम पासमध्ये, नंतर नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर. महागडे यंत्र न घेताही तो खेळता आला, हे मोलाचेच. पण अशा याद्यांतून खेळ वगळलेही जातात.

६/ अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. भारतात तयार होणाऱ्या खेळांनाही तेच बंधन हवे, चालू स्थितीतील प्रतीसह. वैनगंगेपलीकडे वडशाला झाडीपट्टीच्या नाटकाचे पत्रक तरी हाती लागते. खेळाचे तेवढेही लागत नाही.

७/ कोणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट असेल, तर खाली छायाचित्र द्या. वेष्टनावरील किंमत आणि दुकानाचा शिक्का दिसेल असे घ्या.