पोत्यामागे दहा टँकर

दोन महिन्यांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मोहोळात एक शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या तरुणाने आमच्या हातात एकेक छापील कागद दिला. आपलं ‘पर्यावरणीय पाऊल’ मोजायचं म्हणे. आंघोळीला बादल्या किती, आठवड्यातून मटण किती वेळा, वर्षात विमानाने प्रवास किती तास. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “इमान रोज डोस्क्यावरनं जातंय की. त्ये धरायचं का?” पोरगा हसला नाही. शून्य लिहा म्हणाला.

मोजायला माझी ना नाही. कॅनडात विल्यम रीस आणि माथिस वाकरनागेल यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा प्रश्न चोख होता: एखादं शहर, एखादा देश जे खातो आणि जाळतो, त्याला जमीन किती लागते? तो हिशेब घसरत घसरत माझ्या न्हाणीत आला. २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीनेच लोकांना स्वतःचा कार्बन मोजायची सोय करून दिली. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला विचारायचं, बाबा रे, तुझा धूर किती? आणि पावलाच्या त्या मूळ, जमिनीच्या हिशेबात गोडं पाणी वेगळं धरलेलंच नाही. म्हणजे मोहोळात ज्यावरून भावकीत कुऱ्हाडी निघतात, नेमकं तेच हिशेबात नाही.

तेव्हा आमचा हिशेब आम्हीच मांडतो. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने महाराष्ट्रातल्या किलोभर साखरेमागे सुमारे २ हजार लिटर पाणी धरलंय. पन्नास किलोच्या पोत्यामागे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. इथे पाऊस पडतो पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. आणि एकट्या मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदर, अनगर, वटवटे इथे साखर कारखाने. पोती ट्रकात भरून हायवेने जातात. त्याच हायवेने उन्हाळ्यात टँकर येतात. मावशींच्या दोन बादल्या मात्र कागदावर नोंदवल्या गेल्या.

कारखान्यात मोजमाप नाही असं कोण म्हणेल? उसाची गाडी काट्यावर चढते, भरलेली आणि रिकामी. काटामारीचा संशय आला तर आम्ही रस्ता अडवतो. साखरेचा उतारा दशांश चिन्हापुढे दोन घरं मोजतात. टनेज, मळी, बगॅस, स्पिरिट, सगळं वहीत. फक्त उसाला दिलेलं पाणी मोजत नाहीत. कालव्याचं पाणी अजून बहुतेक ठिकाणी एकरावर आकारतात. भिजवलं की बुडवलं, पट्टी तीच. बोअरच्या पाण्याला तर मायबापच नाही.

कायदे नाहीत म्हणून हे अडलंय का? १९९९ साली चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाबद्दल सरकारला बजावलं. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, पाणी घनमापनाने द्यायचं ठरलं. २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचं, असा मंत्रिमंडळाचा निर्णय. सगळे कागद फायलीत सुखरूप आहेत, एकालाही पाणी लागलेलं नाही.

२०१३ चा उन्हाळा आठवा. उजनी धरणात पाणी सोडा म्हणून मोहोळ तालुक्यातले प्रभाकर ऊर्फ भैया देशमुख मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, पन्नासहून अधिक दिवस. त्यांच्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यात जे अभद्र बोलले ते सगळ्या देशाने ऐकलं; मग कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश. त्या जिभेवर महिनाभर चर्चा झाली. पण धरणातलं पाणी गेलं कुठे, हे कुणी विचारलं? त्याच दुष्काळात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडत होती. २०२४ साली तर जानेवारीतच उजनी ‘मायनस’मध्ये गेली. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि आम्ही त्या मृतसाठ्यावर जगतो.

यात माझेही हात कोरडे नाहीत. माझा दोन एकर ऊस आहे. लावतो, कारण उसाला एफआरपीचा ठरलेला भाव आहे, गाडी दारात येते, पैसे उशिरा का होईना मिळतात. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो आणि घ्यायला कुणी येत नाही. ज्वारीची एम ३५-१ ही मालदांडी याच मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडली गेली. काळ्या रानातली ओल आणि थंडीतलं दंव, एवढ्यावर ती कणसाला येते. आज त्याच मोहोळात हॉटेलवाला भाकरीचे पैसे चपातीपेक्षा जास्त लावतो, आणि आम्ही उसाच्या सरीत उभं राहून पाणीटंचाईवर बोलतो. उसापासूनचं इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ‘हिरवं’ म्हणणाऱ्या शहरवाल्यांनीही गाडीची टाकी भरताना मोहोळचा हंडा आठवावा.

शिबिरातला तो कागद मी कोराच परत दिला. दसरा-दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी टाकायला पुढारी येतील, भाषणात गाळपाचा आकडा सांगतील, उताऱ्याचा सांगतील. त्या मांडवात तुम्ही बसला असाल तर हात वर करून एवढंच विचारा: साहेब, पाण्याचा आकडा?