विमान आणि वहाण

संतपटांविरुद्ध आपल्या सुशिक्षित वर्गाची एक जुनी फिर्याद आहे. ती अशी की, हे बोलपट चमत्कारांची आतषबाजी करून भाबड्या प्रेक्षकाची विवेकबुद्धी निजवितात आणि ज्या संतांनी कर्मठपणावर कोरडे ओढले त्यांनाच गारुड्यांच्या पंक्तीला नेऊन बसवितात. ही फिर्याद सर्वस्वी खोटी नाही. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकारामा'त बुडविलेल्या वह्या इंद्रायणी परत करते, ऐन कीर्तनात शिवाजीच शिवाजी दिसू लागतात आणि अखेरीस वैकुंठाचे विमानही येते.

परंतु एवढ्याच दाखल्यावर फैसला देणे म्हणजे दप्तर न उघडता हुकूम लिहिणे होय. १९३५ साली एकनाथांवरील बोलपटाचे 'महात्मा' हे नाव सरकारी चित्रपट-परीक्षकांनी रोखून धरले व प्रभातला ते 'धर्मात्मा' असे करावे लागले; केवळ झोप आणणाऱ्या गुटीच्या नावाला इंग्रजी अंमलाने हरकत घेतली असती काय?

आणि 'संत तुकारामा'चा प्राण विमानात नाहीच. तो तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या, वहाणेत आहे. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात गुंतलेला. अशा स्थितीत ती वहाण घेऊन थेट देवळात विठ्ठलालाच जाब विचारावयास निघते, आणि चित्रकर्त्यांची थोरवी ही की, ते तिची बाजू खोटी पाडीत नाहीत. परंपरेने जिला कर्कशा म्हणून निकालात काढले, तिला गौरी या नटीने असे काही हाडामांसाचे रूप दिले की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांची तन्मय मुद्रा पाहतानाही आपले अर्धे लक्ष तिच्या चुलीकडे लागून राहते. यात संतांची अवज्ञा झाली असे म्हणणाऱ्या भाविकांना एवढेच विचारतो की, विठ्ठलाशी भांडण्याची मुभा वारकऱ्याने कधी सोडली होती?

पडद्याला अंतःकरण दाखविता येत नाही. त्याला दिसतात ते हात, भांडी आणि भुकेली मुले. म्हणून श्रद्धेचे चित्रण करावयाचे तर तिची किंमत कोण मोजतो हेच दाखवावे लागते, व ही किंमत ज्या संतपटात कोणीच मोजीत नाही तो, चमत्कार एकही नसला तरी, मला पोकळ वाटतो. याच कसोटीवर 'संत तुकारामा'तला खलनायक सालोमालो मला खटकतो. त्याच्या अभंगचोरीला प्रेक्षागृह हसते खरे, पण इतका उघड लबाड माणूस समोर असल्यावर तुकोबांच्या क्षमेला कष्ट ते कसले? उलट गीतकार आठवल्यांनी या चित्रासाठी रचलेले पद पुष्कळांनी तुकोबांच्या गाथेतला अस्सल अभंग मानले, ही फसगत मी त्या कवीच्या यशात जमा करतो.

राहिले विमान. ते मलाही कागदी वाटते. पण ते वर जात असता माझी दृष्टी त्याच्या मागे जात नाही. ती खाली उरलेल्या जिजाईवर खिळते, जिला उद्या सकाळी म्हैस पिळावयाची आहे.