गळ टाकणाऱ्यांची मोजदाद

माझगावात आमच्या मजल्यावर एक चाचा राहतात. गोदीतून निवृत्त झालेले. आठवड्यातून दोनदा तरी गरवायला जातात. पिशवीत दोऱ्याची रिळं, गऱ्या आणि कागदात बांधलेली कोळंबी. कधी दोन शिंगाळे आणतात, कधी एखादी वाम, पुष्कळदा काहीच नाही. परवा सहज विचारलं, “चाचा, या महिन्यात किती मिळालं?” म्हणाले, “असतील चार-पाच किलो.” आतून चाची म्हणाल्या, “दीड किलोसुद्धा नाही. साफ मी करते.”

आमच्या घरापासून भाऊचा धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथे उतरणारी मासळी सरकारी हिशेबात येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची त्यासाठी जुनी आणि चांगली पद्धत आहे. महिन्यातले काही दिवस चिठ्ठी टाकावी तसे निवडायचे, माणूस पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा बंदरावर बसतो, रात्रीची आवक चौकशी करून लिहितो. पंधरापर्यंत होड्या आल्या तर सगळ्या तपासायच्या, जास्त आल्या तर त्यांतल्या काही. एवढ्या लांब किनाऱ्याचा अंदाज थोड्या माणसांत बांधायचा म्हणजे दुसरा मार्ग नाही, आणि त्या कामाबद्दल मला आदरच आहे.

पण या हिशेबाचं एकक आहे बंदराला लागलेली होडी. चाचांकडे होडी नाही. ते बंदरावर उतरत नाहीत, लिलावात त्यांचा मासा जात नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांची वेगळी गणना होते, पण ती मच्छीमार गावांत. चाचा चाळीत राहतात. वांद्र्याच्या खडकांवर, शिवडीच्या खाडीकडे, जिथे दोरी पाण्यात पोचते तिथे अशी किती माणसं आहेत हे कोणत्याच वहीत नाही.

मग जाऊन मोजा, असं कुणी म्हणेल. इथेच खरी गोम आहे. रविवारी संध्याकाळी खडकावर जाऊन समोर दिसेल त्याला विचारलं, तर जो रोज येतो तोच जास्त वेळा भेटणार. वर्षातून दोनदा येणारा क्वचितच सापडणार. टपरीवर उभं राहून दिवसाला किती चहा पिता असं विचारण्यासारखंच हे. शिवाय जो सहा तास बसतो तो भेटण्याची शक्यता तासाभरात उठणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि ज्याला विचारलं त्याचं अजून संपलेलंच नाही, मोठा मासा कदाचित तुम्ही गेल्यावर लागेल.

दिवस निवडण्यातही फसगत आहे. गरवणारा इंग्रजी तारीख बघत नाही, पाणी बघतो. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चाँदची तारीखही छापलेली असते, चाचा तीच वाचतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री येते, भांगाच्या दिवसांत ती सकाळ-संध्याकाळकडे सरकते. उधाणापासून उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस. म्हणजे तुम्ही एक रविवार सोडून एक असे गेलात, तर कित्येक आठवडे जवळजवळ एकाच पाण्याला जात राहाल आणि तुम्हाला वाटेल आपण वेगवेगळे दिवस पाहिले. इथला नमुना तिथीप्रमाणे वाटून घ्यायला हवा. हे कुठल्याही कोळ्याला सांगावं लागणार नाही.

अमेरिकेने यात भरपूर पैसा आणि डोकं घातलं आहे. 1979 पासून ते हौशी मासेमारीचं सर्वेक्षण करतात, किनाऱ्यावर माणूस उभा करून आणि घरोघर फोन करून. 2006 मध्ये त्यांच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यात गंभीर दोष दाखवले. घरचे फोन लोक सोडत गेले, म्हणून 2018 पासून फोनऐवजी टपालाने प्रश्नावली जाते. आकडे एकदम फुगले. 2023 मध्ये एका चाचणीत असं दिसलं की प्रश्नांचा क्रम बदलला, म्हणजे गेल्या दोन महिन्यांच्या आधी वर्षाचं विचारलं, की मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज 30 ते 40 टक्क्यांनी खाली येतो. मासे तेवढेच, माणसं तीच, फक्त प्रश्न वरखाली.

तिथे या आकड्यांवर मासेमारीचे हंगाम उघडतात आणि बंद होतात. आपल्याकडे असं काही नाही, मग कशाला डोकेफोड? माझं उत्तर असं की पूर्व किनाऱ्याच्या विकासाचे आराखडे वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. भिंत कुठे, फिरायची वाट कुठे, कुंपण कुठे हे ठरेल तेव्हा कोणाचं काय जातं हे विचारलं जाईल. बोटवाल्यांकडे कागद आहेत, आणि त्यांनाही भांडावंच लागतं. दोरीवाल्याकडे कागदच नाही. जे पकडलं ते त्याने खाल्लं, पुरावा मांजरीच्या पोटात. त्यातून ‘हौशी’ हा शब्द मला खटकतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चाचांचा शिंगाळा ही हौस नसते, ते त्या रात्रीचं कालवण असतं.

म्हणून मला वाटतं, धक्क्यावरून नव्हे, घरातून सुरुवात करावी. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात वस्तू विकत घेतली की फुकट गोळा केली हे विचारतातच. मुंबईसारख्या शहरात मासळीपुढे तो रकाना नीट विचारून भरला आणि जिथे होकार आला त्या घरांना महिनाभराची साधी वही दिली, तर निदान माणसं किती हे कळेल. मासे किती हे त्यानंतर. विचारणाऱ्याच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र नको, कारण ते दिसलं की गोदीच्या आसपासचा माणूस आधी दोरी गुंडाळतो. आणि वही चाचांच्या हातात देऊ नये. ती चाचींकडे द्यावी.