एक बादशहा आणि चार प्यादी?

बास्केटबॉल मॅनेजमेंट गेम खेळणाऱ्यांचे दोन कंपू असतात. एक म्हणतो, ‘यार, सुपरस्टार मिळाला की सीझन खिशात! मग मॅनेजर म्हणून मी करायचं काय?’ दुसरा म्हणतो, ‘माझा स्टार एवढा भारी, तरी टीम हरतेच कशी?’ माझं मत विचाराल, तर स्टारने गेमवर दादागिरी करायलाच हवी. फक्त किती, हा खरा प्रश्न.

क्रिकेटमध्ये सचिन आऊट झाला की संपलं, घरोघरी टीव्ही बंद व्हायचे. बास्केटबॉलमध्ये स्टार आऊट होतच नाही ना! कोर्टवर पाचच जण, मॅच ४८ मिनिटांची, त्यातली पस्तीसेक मिनिटं तो खेळणार आणि बॉल बहुतेक वेळ त्याच्याच हातात. २००९-१० मध्ये क्लीव्हलंडने ८२ पैकी ६१ मॅचेस जिंकल्या. लेब्रॉन जेम्स मायामीला गेला आणि पुढच्या सीझनला जिंकल्या फक्त १९. त्यात सलग २६ पराभव! कोच बदलला, आणखीही काही खेळाडू गेले, मान्य. पण बॉस, ४२ विजयांची घसरण? एखादा गेम हे दाखवत नसेल तर तो चक्क खोटं बोलतोय.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९८६-८७ मध्ये मायकल जॉर्डनने मॅचमागे सरासरी ३७.१ पॉइंट्स काढले. शिकागो बुल्स किती जिंकले? ४०. प्लेऑफच्या पहिल्याच राऊंडमध्ये बोस्टनने ३-० असं घरी पाठवलं. २००७ मध्ये डेट्रॉईटविरुद्ध लेब्रॉनने टीमचे शेवटचे २५ पॉइंट्स एकट्याने काढले. भन्नाट! पण फायनलमध्ये सॅन अँटोनियोने ४-० धुतलं. म्हणजे एकटा स्टार टीमला दारापर्यंत नेतो, आत शिरायला बाकीचे लागतात.

ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणारा ‘बास्केटबॉल जीएम’ हे बऱ्यापैकी जमवतो. टीमची ताकद मोजताना सर्वोत्तम खेळाडूला सगळ्यात जास्त वजन, मग उतरत उतरत दहाव्यापर्यंत. शिवाय थ्री-पॉइंट मारणारा, पासिंगवाला, रिबाऊंडवाला अशी जोडगोळी जमली तर बोनस वेगळा. नुसते पाच हिरो भरले तर तो मिळेलच असं नाही.

मला खटकतं ते पगाराचं. एनबीएमध्ये १९९९ पासून एका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आहे. अनुभवानुसार सॅलरी कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. त्यामुळे लीगमधला एक नंबरचा आणि बारा नंबरचा खेळाडू साधारण सारखाच पगार घेऊ शकतात! (तुमच्या ऑफिसात अप्रेझलनंतर असंच होत असेल, तर तो योगायोग समजा.) खरा सुपरस्टार म्हणजे मालकासाठी सेलमधला माल. गेमही हीच मर्यादा उचलतो आणि मग स्टारवाली टीम पैशातही पुढे, कोर्टवरही पुढे.

स्टारचे पॉइंट्स कापण्यापेक्षा त्याची किंमत वाढवा. बास्केटबॉल जीएमच्या सेटिंग्जमध्ये कमाल पगाराचा आकडा बदलता येतो. तो भरपूर वर न्या आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलेल्या आपल्या लाडक्या स्टारशी बोलायला बसा. निम्मी सॅलरी कॅप त्याला द्यायची, की तेवढ्यात तीन चांगले घ्यायचे? माझा अख्खा रविवार यातच जातो.